संहाराची आज्ञा आणि क्षमेचा उपदेश

इंदूरच्या एका सद्गृहस्थांचे पत्र संपादकांनी माझ्याकडे विचारार्थ पाठविले आहे. पत्रलेखक या मासिकाचे जुने वाचक असून त्यांच्या घरी रोज सायंकाळी गीतेच्या एका अध्यायाचे पठण होते. त्यांची धाकटी कन्या मिशनच्या शाळेत शिकते. सुवाच्य अक्षराबद्दल तिला बायबलची मराठी प्रत बक्षीस मिळाली. पुस्तक घरात आले म्हणून वडिलांनी ते चाळले. पर्वतावरील प्रवचन वाचून त्यांचे चित्त प्रसन्न झाले. पुष्कळ ठिकाणी आपल्या संतांचीच वाणी ऐकू येते असे त्यांना वाटले. नंतर मागची पाने उलटताना शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील पंधरावा अध्याय दृष्टीस पडला. तो त्यांनी दोनदा वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. कन्येने मात्र तो अध्याय आधीच वाचलेला होता. तिने विचारले, “बाबा, पण उंटांनी काय केले होते?”

पत्रात दोन प्रश्न आहेत. क्षमेचा उपदेश करणारा आणि तान्ह्या बालकांसह एका जमातीचा संहार सांगणारा देव एकच आहे, असे ख्रिस्ती लोक मानतात ते कोणत्या आधारावर? आणि कचेरीतील एक परिचित “तुमच्या गीतेत देवच युद्धास चिथावणी देतो” असे वारंवार टोचून बोलतात, त्यांच्यापुढे हा अध्याय उघडून ठेवणे उचित होईल काय?

दुसऱ्या प्रश्नात मनुष्यस्वभाव आहे आणि तो मलाही परका नाही. तथापि पहिल्याचा नीट विचार झाल्यावाचून दुसऱ्याचे उत्तर देता येणार नाही. माझे शिक्षण पाठशाळेत झाले व पुढे भाषांतर हाच व्यवसाय झाला; त्यामुळे कोणत्याही धर्मग्रंथाकडे पाहताना शब्द कोणता, वक्ता कोण, तो कोणास उद्देशून बोलतो, हे पाहण्याची सवय जडली आहे. त्याच सवयीने येथे पाहू.

प्रथम मूळ कथा. इस्राएल लोक मिसर देशाच्या दास्यातून सुटून अरण्यातून चालले असता अमालेक नावाच्या जमातीने त्यांच्यावर हल्ला केला. थकून मागे पडलेल्या दुबळ्यांना त्यांनी मारले, असे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात म्हटले आहे. (मराठी बायबलातील हे नाव मला फार आवडते. येथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे, तर मीमांसकांच्या अर्थाने पूर्वी सांगितलेल्याचे पुनःकथन. मोशे आपल्या अंतकाळी सारा धर्म पुन्हा सांगतो, म्हणून ते नाव.) पुढे अनेक पिढ्या लोटल्यावर शौल हा इस्राएलाचा पहिला राजा झाला. शमुवेल संदेष्ट्याने त्याला देवाची आज्ञा सांगितली की, अमालेकाच्या त्या जुन्या अपराधाबद्दल आता त्याचा पुरता नाश कर. पुरुष, स्त्रिया, मुले, तान्ही बाळे, बैल, मेंढरे, उंट, गाढवे, काहीही राखू नकोस. शौल गेला. अमालेकांत राहणाऱ्या केनी लोकांना त्याने आधी निघून जाण्यास सांगितले, कारण त्यांनी पूर्वी इस्राएलावर उपकार केले होते. मग त्याने संहार केला; पण अगाग राजाला जिवंत धरले व उत्तम उत्तम जनावरे राखली. या अवज्ञेमुळे देवाने त्याला राजपदावरून टाकले. शमुवेलाने त्याला सुनावले की देवाला बळीपेक्षा आज्ञापालन अधिक प्रिय आहे. आणि वृद्ध संदेष्ट्याने स्वहस्ते अगागाचे तुकडे केले.

शौलाने दया केली म्हणून त्याला शिक्षा झाली, असे कित्येक टीकाकार घाईने लिहितात. ग्रंथ तसे म्हणत नाही. शौलाने बाळे वाचविली नाहीत. लठ्ठ जनावरे वाचविली. ग्रंथाच्या दृष्टीने हा लोभ आहे. परंतु याने आपली अडचण कमी न होता वाढते. कारण सबंध अध्यायात बाळांविषयी कोणीही, राजाही नाही आणि संदेष्टाही नाही, एक शब्द बोलत नाही.

या आज्ञेत हिब्रू भाषेचा एक विशिष्ट शब्द आहे : हेरेम. त्याचा धातू आपल्या कानांना अपरिचित नाही. अरबीतील हराम आणि हरम हे शब्द त्याच्याच कुळातले. सामान्य व्यवहारातून काढून वेगळे ठेवलेले, म्हणून मनुष्याने स्पर्श करू नये असे, हा मूळ भाव. जे देवाला असे कायमचे देऊन टाकले ते परत घेता येत नाही, विकता येत नाही. आणि ते शत्रूचे नगर असेल तर त्यातील जीवांचा वध हाच त्या अर्पणाचा प्रकार होतो. लूट घ्यायची नाही, दास करायचे नाहीत. यरीहो नगर यहोशवाने घेतले तेव्हा हाच विधी सांगितला आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी येथे पुष्कळदा ‘अनाथेमा’ हा शब्द घातला. मंदिरात वाहिलेल्या वस्तूचे नाव असलेला तो शब्द पुढे शापवाचक झाला. आधुनिक भाषांतरांत एके ठिकाणी ‘समर्पण’ आणि दुसरीकडे ‘समूळ नाश’ असे भिन्न शब्द दिसतात व हे दोन्ही एकच आहेत हे वाचकाला कळतच नाही. भाषांतरकाराचा दोष म्हणावा तर कोणताही एक शब्द पुरत नाही हे मी अनुभवाने जाणतो. आपल्याकडेही यज्ञपशूच्या वधाला ‘संज्ञपन’ म्हणत. त्याचा अक्षरार्थ संमती मिळविणे असा आहे. जे करणे मनाला जड जाते त्याला धर्माची भाषा असे सौम्य नाव देते. ही गोष्ट एकाच देशाची नाही.

आता दुसरी बाजू. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना सांगतो की अपराधाला तेवढ्याच अपराधाने उत्तर देण्याचा जुना न्याय तुम्ही ऐकला आहे. मी मात्र सांगतो की दुष्टाचा प्रतिकार करू नका, एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा करा, वैऱ्यावर प्रेम करा. त्याचे कारणही तो देतो, आणि ते कारण फार महत्त्वाचे आहे : स्वर्गीय पित्याचा सूर्य दुर्जनांवर व सज्जनांवर सारखाच उगवतो. म्हणजे क्षमा ही केवळ मनुष्याची नीती नव्हे. देवाचा स्वभावच तसा आहे, म्हणून ती कर्तव्य. मग ज्याचा पाऊस सर्वांवर पडतो त्यानेच अमालेकाची बाळे वगळली काय?

‘जुना करार हिंसेचा, नवा करार प्रेमाचा’ असे सोपे उत्तर पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. आपल्यातील सुशिक्षितही ते बोलतात. ते ग्रंथ न वाचल्याचे लक्षण आहे. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रेम करावे हे वचन येशूने जुन्या करारातील लेवीय पुस्तकातूनच घेतले आहे. आणि त्याच अध्यायात थोडे पुढे परदेशीयावरही तसेच प्रेम करण्यास सांगितले आहे. शत्रूचा चुकलेला बैल दिसला तर त्याला परत नेऊन पोचवावा हा नियम मोशेच्या धर्मशास्त्रातला. योना नावाच्या छोट्या पुस्तकात देव निनवे या शत्रूच्या राजधानीचा नाश टाळतो. संदेष्टा रुसतो, तेव्हा तेथील एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसांची आणि त्यांच्या गुरांचीही मला कीव येऊ नये काय, असे देव त्यालाच विचारतो. इंदूरच्या कन्येचा उंटांविषयीचा प्रश्न येथे साक्षात देवाच्या मुखी आला आहे! उलटपक्षी नव्या करारात आपण शांती नव्हे तर तलवार आणण्यास आलो असे येशू एकदा म्हणतो, आणि शेवटच्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात तर रक्तात भिजलेल्या वस्त्राचा अश्वारूढ योद्धा येतो. तेव्हा रेघ दोन पुस्तकांच्या मधून जात नाही; ती दोहोंच्या आतून जाते.

ग्रंथ स्वतःच्याच मागील वचनाकडे वळून पाहतो, अशीही स्थळे आहेत. येहू नावाच्या सेनापतीला संदेष्ट्याच्या शिष्याकरवी अभिषेक झाला आणि अहाबाच्या राजकुळाचा उच्छेद करण्याची आज्ञा मिळाली. इज्रेल नगरात त्याने ती इतकी पुरी केली की राजपुत्रांची मस्तके टोपल्यांत भरून आणविली. राजांच्या इतिहासात देव त्याबद्दल त्याला शाबासकी देतो. सुमारे शतकानंतर होशेय संदेष्टा उभा राहतो व त्याच देवाच्या नावाने सांगतो की इज्रेलच्या रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला दंड होईल. दोन्ही वचने एकाच बायबलात आहेत. संग्रह करणाऱ्यांनी कोणतेही खोडले नाही.

लूकाच्या नवव्या अध्यायात असाच प्रसंग आहे. शोमरोनी लोकांच्या एका गावाने येशूला उतरू दिले नाही. तेव्हा याकोब व योहान यांनी विचारले की आकाशातून अग्नी पाडून यांना भस्म करण्याची आज्ञा आम्ही द्यावी काय? एलीया संदेष्ट्याने पूर्वी तसे केल्याची कथा शास्त्रात आहेच. काही हस्तलिखितांत तर शिष्यांच्या तोंडी एलीयाचे नावही आहे. म्हणजे शिष्यांपाशी शास्त्राधार होता. येशूने वळून त्यांना दटावले आणि सर्वजण दुसऱ्या गावी गेले. एवढीच गोष्ट. शास्त्राधाराचे खंडन नाही, वाद नाही; ‘दुसऱ्या गावी गेले’ यातच निर्णय आहे.

विरोध इतका स्पष्ट असता ख्रिस्ती आचार्यांनी काय केले? दुसऱ्या शतकात मार्कियन नावाचा काळ्या समुद्राकाठचा धनिक रोमला आला. त्याने सरळ तोड काढली की देव दोन आहेत : सृष्टी करणारा, न्यायनिष्ठुर देव जुन्या कराराचा आणि केवळ कृपामय असा अपरिचित देव येशूचा. त्याने जुना करार सर्वस्वी टाकला. लूकाचे शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे तेवढी, तीही कापून छाटून, ठेवली. सन १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बहिष्कृत केले. गुंता सोडविण्यापेक्षा दोरा कापणारा हा मार्ग होता आणि तो नाकारण्यात त्या मंडळीने मोठा भार स्वतःच्या शिरावर घेतला, हे मान्य केले पाहिजे. संपूर्ण ग्रंथ आमचा, असे एकदा म्हटले की अमालेकाचा अध्यायही आपलाच होतो.

तिसऱ्या शतकातील ओरिजेन हा अलेक्झांड्रियाचा महापंडित. यहोशवाच्या पुस्तकावरील त्याची प्रवचने लॅटिन भाषांतरात टिकून आहेत. त्याच्या विवेचनाचे बीज एका नावात आहे. ‘यहोशवा’ आणि ‘येशू’ ही मुळात एकच नावे. ग्रीक बायबलात दोघांसाठी एकच शब्द येतो. मराठीत दोन निराळी रूपे रूढ झाल्याने आपल्याला ते दिसत नाही. ओरिजेनाला ते प्रत्येक पानावर दिसत होते. म्हणून तो म्हणतो की कनान देश म्हणजे आपले अंतःकरण, तेथील राजे म्हणजे काम-क्रोधादी विकार, आणि त्यांपैकी एकही जिवंत ठेवता कामा नये. या युद्धांचा आध्यात्मिक अर्थ नसता, तर शांतीचा उपदेश करणाऱ्या ख्रिस्ताच्या प्रेषितांनी ही पुस्तके मंडळ्यांत वाचावयास दिलीच नसती, असा त्याचा तर्क आहे.

वाचकांना हे ऐकून कुरुक्षेत्र आठवले असेल. गांधीजींनी ‘अनासक्तियोगा’त गीतेतील युद्ध हे मनुष्याच्या हृदयात चालणारे द्वंद्व मानले, लोकमान्यांनी त्यापूर्वी, १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, अर्जुनापुढील युद्ध खरेखुरे मानूनच कर्मयोग प्रतिपादिला. आपल्या घरांत आजही दोन्ही अर्थ सांगितले जातात. गांधीजींची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. विलायतेत विद्यार्थी असता त्यांनी बायबल वाचावयास घेतले. जुना करार वाचताना त्यांना झोप येई आणि ‘गणना’ हे पुस्तक त्यांना मुळीच आवडले नाही, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पर्वतावरील प्रवचन मात्र त्यांच्या हृदयाला थेट भिडले व त्यांनी त्याची गीतेशी तुलना केली. मिद्यानी लोकांच्या कत्तलीची कथा त्याच ‘गणना’ पुस्तकात आहे.

रूपकाचा मार्ग सुंदर आहे खरा. पण त्यात एक उणीव राहते. विकारांना मारा हे सांगण्यासाठी बाळांना मारल्याचे रूपक कशाला हवे होते, हा प्रश्न तसाच उरतो. शिवाय रूपक करणाऱ्याने कथेचा वाच्यार्थ खोटा म्हटलेला नसतो. तो तेथेच पडून असतो आणि कोणी दुसरा येऊन तो उचलतो.

ऑगस्टिन (३५४ ते ४३०) याने वाच्यार्थ सोडला नाही. मोशेच्या युद्धांवर आक्षेप घेणाऱ्या फाउस्टस नामक विरोधकाला उत्तर देताना तो म्हणतो की युद्धात खरे पाप मरण हे नाही, कारण मरण सर्वांनाच आहे. इजा करण्याची लालसा, क्रूर सूडबुद्धी, सत्तेचा लोभ हे पाप. जो देवाज्ञेने, यांपैकी कशाचाही स्पर्श न होता शस्त्र धरतो तो निर्दोष. आणि दुसरा गाल पुढे करण्याची आज्ञा? ती शरीराला नसून अंतःकरणाला आहे. गीतापाठकाला हे अत्यंत ओळखीचे वाटेल. कर्मापेक्षा कर्त्याची वृत्ती पाहावी, अहंभाव व लेप नसावा, हे आपणही नित्य वाचतो. मीही ऑगस्टिन प्रथम वाचला तेव्हा हर्षित झालो होतो. पण अंतःकरण शुद्ध आहे की नाही हे तपासणार कोण? मारणाराच. आणि मारणाऱ्याला आपले अंतःकरण बहुधा शुद्धच वाटते.

येथे एक घटना सांगतो. सन १६३७ च्या मे महिन्यात उत्तर अमेरिकेच्या कनेटिकट प्रदेशात मिस्टिक येथे पेक्वॉट जमातीच्या लाकडी तटबंदीच्या गावाला इंग्रज वसाहतवाल्यांनी पहाटे वेढा घातला आणि आग लावली. बाहेर पडणाऱ्यांना मारले. ४०० ते ७०० माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध बहुसंख्य होते. त्या स्वारीतील एक नायक जॉन अंडरहिल याने पुढच्याच वर्षी लंडनमध्ये वृत्तांत छापला. ख्रिस्ती माणसाने अधिक दया दाखवावयास नको होती काय, हा प्रश्न तो स्वतःच उपस्थित करतो, आणि वाचकाला दावीदाच्या युद्धांकडे बोट दाखवितो. कधी कधी आईबापांबरोबर मुलाबाळांनीही मरावे असे शास्त्र सांगते, म्हणून आम्हाला पुरेसा प्रकाश होता, अशा आशयाचे तो लिहितो. या मनुष्याच्या घरी पर्वतावरील प्रवचन नव्हते असे नाही. दोन्ही अध्याय एकाच पुस्तकात होते. त्याच्या हाताला लागले ते पान त्याच्या कामाचे होते.

याविरुद्ध त्याच अखंड बायबलाच्या आधारे क्वेकर, मेनोनाइट आदी पंथांनी शतकानुशतके शस्त्र धरण्याचे नाकारले व त्यासाठी तुरुंग सोसले. टॉलस्टॉयने तर अप्रतिकारालाच ख्रिस्तधर्माचा गाभा ठरविले. त्यांची कथा स्वतंत्र लेखाची आहे.

आता ‘देवाने सांगितले म्हणून ते पाप नव्हे’ हे अखेरचे उत्तर. कॅल्व्हिनसारख्या आचार्यांनी ते निःशंकपणे दिले आहे : जीवन देणारा तो, नेणाराही तो, त्याच्या आज्ञेने केलेल्या कृत्याला क्रौर्य म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे ऐकून ज्याला हसू येईल त्याने आपली दर्शने उघडावीत. यज्ञातील पशुहिंसा अधर्म आहे काय, हा वाद आपल्याकडे हुबेहूब याच रीतीने झाला. मीमांसक म्हणाले, नाही. कारण धर्माधर्म कळण्याचे साधन वेदवचन आहे व ती हिंसा विहित आहे. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातही कर्म अशुद्ध नाही, कारण शब्दप्रमाण आहे, असा निर्णय आहे. सांख्यांनी मात्र मान तुकविली नाही. वैदिक उपायही अशुद्धीने युक्त आहे असे त्यांनी स्पष्ट म्हटले. आणि मीमांसकांनाही एके ठिकाणी थबकावे लागले. शत्रूला मारू इच्छिणाऱ्यासाठी श्येनयाग वेदात सांगितला आहे. मग शत्रुवध हा धर्म झाला काय? भाष्यकार शबरस्वामींची भूमिका अशी की, वेदाने साधन कळविले, मारावे अशी आज्ञा केलेली नाही. मारण्याची इच्छा त्या मनुष्याची, आणि ती हिंसा अनर्थच होय. वचन शिरोधार्य ठेवूनही हिंसेची जबाबदारी देवावर न ढकलता करणाऱ्याच्या इच्छेवर ठेवण्याची ही युक्ती मला पाठशाळेत असल्यापासून आदरणीय वाटते. शौलाच्या बाबतीत ती लागू पडत नाही, हीच अडचण. तेथे इच्छा राजाची नाही. आज्ञा सरळ वरून आली आहे.

यहुदी आचार्यांनी ही अडचण ओळखली होती. त्यांच्या तालमुदात शौल आज्ञा ऐकून वाद घालतो अशी आख्यायिका आहे. एका अज्ञात प्रेतासाठीही धर्मशास्त्र प्रायश्चित्त सांगते, मग या इतक्या जीवांचे काय? माणसांनी पाप केले असेल, जनावरांनी कोणते केले? मोठ्यांनी केले असेल, लहानांनी कोणते केले? आकाशवाणी त्याला गप्प करते हे खरे. पण मूळ अध्यायात जो प्रश्न कोणीच विचारला नव्हता तो परंपरेने राजाच्या मुखी घातला आणि जपून ठेवला. पुढे बाराव्या शतकात मैमोनिदेसाने कनानच्या सात राष्ट्रांचे स्मरणही आता नष्ट झाले आहे असे लिहून त्या आज्ञेला लागू होण्यास कोणी उरलेच नाही असे केले. वचन राहिले, विषय संपला. कुशल धर्मशास्त्रज्ञ असेच करतो.

संशोधकांनी यात आणखी भर घातली आहे. यरीहो येथे कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ पर्यंत उत्खनन केले; यहोशवाचा काळ सामान्यतः जेथे धरला जातो त्या तेराव्या शतकात (इसवी सनापूर्वी) तेथे तटबंदीचे मोठे नगर असल्याचा पुरावा मिळाला नाही. शिलालेख तर अधिक बोलके आहेत. १८६८ मध्ये यार्देन नदीच्या पूर्वेस सापडलेला मवाबचा राजा मेशा याचा लेख इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील आहे. त्यात तो सांगतो की नबो नगरातील सात हजार इस्राएली स्त्री-पुरुषांना मी मारले, कारण ते मी माझ्या देवाला अर्पण केले होते. आणि तेथे धातू तोच आहे, हेरेमचा! म्हणजे इस्राएल लोक जे आपल्या देवाच्या नावे इतरांविषयी सांगत, तेच शेजारचा राजा त्याच्या देवाच्या नावे त्यांच्याविषयी सांगत होता. इस्राएल या नावाचा सर्वमान्य असा सर्वांत जुना उल्लेख मिसरच्या मेर्नेप्ताह राजाच्या शिलेवर आहे, आणि तो त्यांचे बीजही उरले नाही असा आहे. विजयाची ही त्या प्रदेशातील ठरलेली भाषा दिसते. बायबलातही अमालेकांचा पूर्ण संहार झाल्याचे सांगितल्यावर त्याच पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात ते पुन्हा धाड घालताना भेटतात व त्यांतील चारशे तरुण उंटांवर बसून निसटतात. उंट राहिले होते, हे आमच्या इंदूरच्या वाचकांनी कन्येस अवश्य सांगावे.

इतिहास असा घडला नाही, हे कळल्याने मनाचा भार हलका होतो. पण पूर्ण उतरत नाही. मिस्टिकला जळालेल्या लोकांना यरीहोच्या भिंती खऱ्या होत्या की काल्पनिक याने काय फरक पडणार होता? अमेरिकेतील ओसेज जमातीचे अभ्यासक रॉबर्ट वॉरियर यांनी १९८९ मध्ये एका निबंधात लिहिले की ही कथा ऐकताना आपण सहजच इस्राएलाच्या जागी उभे राहतो. आमच्या लोकांना मात्र ती कनानी लोकांच्या जागी उभे राहून ऐकावी लागते. मला वाटते, या विषयावर मी वाचलेल्या शेकडो पृष्ठांत इतके नेमके दुसरे काही नाही.

आता कचेरीतील परिचितांविषयी. गीतेचा आणि शौलाच्या अध्यायाचा भेद खरा आहे व तो सांगण्यास हरकत नाही. अर्जुनासमोर सशस्त्र वीर उभे आहेत, बाळे नाहीत. शिष्टाई निष्फळ झाल्यावर युद्ध आले आहे. आणि सातशे श्लोकांच्या उपदेशानंतर भगवंत अर्जुनाला यावर पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे करण्यास सांगतात. शौलाला विचार करण्याची मुभा नव्हती. परंतु हे सांगून झाल्यावर परिचितांनी महाभारतातील खांडववन काढले तर? तेथे अग्नीच्या तृप्तीसाठी वन जळत असता श्रीकृष्ण व अर्जुन दोन बाजूंनी उभे राहून पळणाऱ्या प्राण्यांना आत लोटतात, आणि अश्वत्थाम्याच्या रात्रीच्या कत्तलीचा धिक्कार करणारे तेच महाभारत येथे धिक्काराचा शब्द उच्चारत नाही. मी स्वतः त्या पर्वाचे भाषांतर करताना दोन दिवस लेखणी खाली ठेवली होती. तेव्हा अध्याय त्यांच्या तोंडावर फेकू नये. पाहिजे तर आपला आणि त्यांचा, दोन्ही बरोबर घेऊन बसावे. चहा पाजूनही हे करता येते.

पत्रलेखकांना मी खासगी उत्तरात आणखी एक वाचन सुचविले आहे. शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायानंतर मत्तयाचाही पंधरावाच अध्याय काढावा. सोर व सीदोनच्या प्रांतात एक परकी स्त्री आपल्या पीडित मुलीसाठी येशूमागे ओरडत येते. मार्क तिला सुरफुनीकी म्हणतो, आणि त्या काळचे तेच बरोबर नाव. मत्तयाने मात्र तिला ‘कनानी’ म्हटले आहे. व्यवहारातून केव्हाच गेलेला तो शब्द त्याने जुन्या ग्रंथातून मुद्दाम काढून आणला असावा, असे मला शब्दांचा धंदा करणारा म्हणून वाटते. यहोशवाचेच नाव धारण करणाऱ्यासमोर कनानी बाई उभी आहे. तो आधी काहीच बोलत नाही. शिष्य तिला घालवून द्या म्हणतात. मग तो, आपण केवळ इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांसाठी आलो, असे सांगतो. मुलांची भाकरी कुत्र्यांना घालणे ठीक नाही, असेही कठोर बोलतो. ती हटत नाही. मेजाखाली पडलेला चुरा तर कुत्रीही खातात ना, असे म्हणते. तेव्हा तो तिची श्रद्धा थोर आहे असे म्हणतो, आणि त्याच घटकेला तिची मुलगी बरी होते.

हे दोन अध्याय लागोपाठ वाचल्यावर कन्येने काय विचारले, ते मला कळवावे अशी मी त्यांना विनंती केली आहे.